सगळ्यात वाईट सायफाय आणि अंतराळपट: वाद घालण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी निकाल सांगा. सगळ्यात वाईट कोणता?

माझं मत असं: सायफायमध्ये ‘बॅटलफील्ड अर्थ’ (२०००) आणि निव्वळ अंतराळपटांत ‘मूनफॉल’ (२०२२). ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ नाही आणि ‘आर्मागेडन’ही नाही, जरी नावं याच दोघांची आधी घेतली जातात. कारणं खाली आहेत. घाई असेल तर थेट त्या प्रश्नांवर जा. पण वाईट कशाला म्हणायचं हे ठरलं नसेल, तर दोन मिनिटांत चर्चा ‘तुला काय कळतंय त्यातलं’ इथवर येते, म्हणून पुढचा प्रश्न तेवढा वाचून जा.

वाईट कशाला म्हणायचं? विज्ञान चुकलं की चित्रपट वाईट?

नाही. हा नियम लावला तर यादीबाहेर एकही चित्रपट उरायचा नाही. ‘द मार्शियन’ (२०१५) घ्या. मंगळावर वादळ येतं, यान कलंडायला लागतं, मोहीम गुंडाळावी लागते आणि नायक एकटा मागे राहतो. सगळी गोष्ट त्या एका वादळावर उभी आहे. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याच्याही आत आहे. तिथलं सोसाट्याचं वादळ अंगाला झुळुकीइतकंच जाणवेल, ते यान काय पाडणार? मूळ कादंबरी लिहिणाऱ्या अँडी वीअरने हे माहीत असूनही गोष्टीसाठी वादळ ठेवल्याचं उघडपणे सांगितलेलं आहे. पण त्या वादळानंतर चित्रपट काय करतो ते बघा. बटाटे किती, पाणी कशापासून बनवायचं, अन्न किती दिवस पुरेल, प्रत्येक गोष्टीचा हिशेब आपल्यासमोर मांडला जातो आणि तो हिशेब चुकला की नायकाला त्याची किंमत मोजावी लागते.

माझी कसोटी इथून येते. चित्रपटाने सुरुवातीला एखादी अशक्य गोष्ट मागावी, मी ती खुशीने देईन. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारं यान? घ्या. कालप्रवास? तोही घ्या. पण एकदा मागून झाल्यावर स्वतःचे नियम स्वतः पाळायचे आणि पात्रांना त्यांच्या हुद्द्याला साजेल असं वागवायचं. जो चित्रपट आपलेच नियम मोडतो आणि बघणाऱ्याच्या ते लक्षात येणार नाही असं धरून चालतो, तो वाईट. सायफाय आवडीने बघणारा माणूस विचार करायला बसलेला असतो. त्याच्या बुद्धीला कमी लेखणं हा या प्रकारातला सगळ्यात मोठा गुन्हा आहे.

पण ‘प्लॅन नाइन’ला तर जगातला सर्वात वाईट चित्रपट म्हणतात ना?

म्हणतात. १९८० साली मेडव्हेड बंधूंच्या पुस्तकात त्याला तो किताब मिळाला आणि तेव्हापासून तो चिकटला. एड वुडचा हा चित्रपट १९५० च्या दशकात अगदी तुटपुंज्या पैशात झाला आणि त्यातला काही पैसा बॅप्टिस्ट चर्चच्या मंडळींकडून आला होता. त्यातल्या चुका खऱ्याच आहेत. थडगी पुठ्ठ्याची, धक्का लागला की हलतात. एकाच प्रसंगात एका शॉटला रात्र, पुढच्या शॉटला लख्ख दिवस. विमानाच्या कॉकपिटला दाराच्या जागी पडदा.

सगळ्यात जास्त हसू ज्या गोष्टीवर होतं, ती मात्र मला वेगळी दिसते. बेला लुगोसी हा एके काळी पडद्यावर ड्रॅक्युला रंगवणारा नट. १९५६ च्या ऑगस्टमध्ये तो वारला. वुडकडे त्याचे थोडेसेच शॉट होते, भलत्याच कामासाठी घेतलेले. ते टाकून देण्याऐवजी वुडने ते या चित्रपटात बसवले आणि उरलेल्या प्रसंगांत आपल्या बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे तिच्या मणक्यावर उपचार करणाऱ्याला, उभं केलं. हा गृहस्थ लुगोसीपेक्षा उंच, चेहरा अजिबात न जुळणारा, म्हणून तो प्रत्येक शॉटमध्ये हात वर करून झग्याने नाकापर्यंत तोंड झाकून चालतो. कोपर वर, झगा तोंडावर, पावलं सावकाश. हा शॉट एकदा नीट बघा. आपल्या लाडक्या नटाचं शेवटचं काम कसंही करून लोकांपर्यंत जावं, ही धडपड त्यात दिसते. शिवाय माणूस अधिकाधिक भयंकर बॉम्ब बनवत चालला आहे आणि एक दिवस सगळ्या विश्वाला घेऊन बुडेल, ही चित्रपटाची काळजी तेव्हाच्या अमेरिकेत अगदी खरी होती.

वुडकडे कसब नव्हतं, पैसाही नव्हता. तळमळ होती. असा चित्रपट कच्चा म्हणा, गमतीचा म्हणा, पण पहिला क्रमांक त्याला देऊ नका. टिम बर्टनने १९९४ साली वुडवर चित्रपट काढला आणि त्यात लुगोसी रंगवणाऱ्या मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं, ते उगाच नाही.

आणि ‘रोबॉट मॉन्स्टर’?

१९५३ चा. गोरिलाचा पोशाख, वर पाणबुड्यासारखं हेल्मेट, की झाला परग्रहवासी. मोजक्या दिवसांत उरकलेला. पण संगीत एल्मर बर्नस्टाइनचं आहे, तेवढं कान देऊन ऐका. यालाही वरचाच न्याय.

मग ‘बॅटलफील्ड अर्थ’च का?

कारण इथे पैसा होता, नाव होतं, अनुभवही होता. जॉन ट्रॅव्होल्टा वर्षानुवर्षं या चित्रपटाच्या मागे लागला होता. दिग्दर्शक रॉजर ख्रिश्चन म्हणजे पहिल्या ‘स्टार वॉर्स’च्या नेपथ्यासाठी ऑस्कर मिळालेल्या चमूतला माणूस. सबब सांगायला जागाच नाही.

आता गोष्ट. सन ३०००. सायक्लो नावाच्या परग्रहवासीयांनी हजार वर्षांपूर्वी पृथ्वी जिंकली, ती इथल्या खनिजांसाठी, मुख्यतः सोन्यासाठी. नायकाला खाणीतून सोनं काढायच्या कामाला लावतात. तो खाण खणतच नाही. फोर्ट नॉक्समध्ये जातो, अमेरिकी सरकारच्या तिजोरीतल्या विटा उचलतो आणि त्याच सायक्लोपुढे ठेवतो. म्हणजे सोन्यासाठी ग्रह जिंकलेल्या लोकांना देशातली सगळ्यात प्रसिद्ध सोन्याची तिजोरी हजार वर्षांत सापडली नाही! कातडी पांघरून गुहेत राहणारी माणसं थोड्याशा सरावात हॅरियर लढाऊ विमानं उडवायला शिकतात आणि हजार वर्षं पडून राहिलेली ती विमानं एका झटक्यात सुरू होतात. ना टायर झिजलेले, ना इंधन खराब झालेलं. सायक्लो ज्या वायूत श्वास घेतात तो किरणोत्साराशी गाठ पडली की पेटतो. एक अणुबॉम्ब त्यांच्या ग्रहावर पाठवला की सगळा ग्रह खलास. किरणोत्सार तर विश्वात जिकडेतिकडे आहे. मग ही जमात इथवर तगली कशी, हा प्रश्न चित्रपटात कुणालाच पडत नाही.

यातली एकही चूक भौतिकशास्त्राची पदवी असेल तरच कळेल अशी नाही. दहावीतलं पोरही विचारेल. वर कॅमेरा जवळजवळ प्रत्येक शॉटमध्ये तिरका, त्यामुळे मान दुखते ती वेगळीच. मूळ पटकथाकार जे. डी. शपिरो याने २०१० साली दशकातल्या सर्वात वाईट चित्रपटाचा रॅझी पुरस्कार स्वतः मंचावर जाऊन घेतला आणि लोकांची माफी मागितली. मला त्याचं कौतुक वाटतं.

‘आर्मागेडन’ला पहिला नंबर का नाही? नासाच्या लोकांना तेल काढणारे कामगार वाचवतात, याहून वाईट काय असणार?

तेल काढणाऱ्यांना अंतराळवीर करण्यापेक्षा अंतराळवीरांना छिद्र पाडायला शिकवणं सोपं नाही का, हा प्रश्न चित्रपटातला नट बेन अ‍ॅफ्लेक यानेच दिग्दर्शक मायकेल बे याला विचारला होता. गप्प बस, असं उत्तर मिळाल्याचं त्याने डीव्हीडीवरच्या समालोचनात सांगितलं आहे.

पण खरा घोळ त्याच्याही आधीचा आहे. पृथ्वीवर येणारा लघुग्रह टेक्सासएवढा आणि टक्कर व्हायला फक्त १८ दिवस. टेक्सासमध्ये दोन महाराष्ट्र बसतील, एवढं ते राज्य मोठं. लघुग्रहांच्या पट्ट्यातला सगळ्यात मोठा गोल सेरेस. त्याचा व्यास साधारण ९४० किलोमीटर, म्हणजे चित्रपटातला धोंडा त्याच्याही वरचढ. हा सेरेस जुझेप्पे पियाझीने पालेर्मोहून १ जानेवारी १८०१ रोजी, त्या काळच्या दुर्बिणीने शोधला. मंगळ आणि गुरूच्या मधून फिरणारी वस्तू १८०१ मध्ये दिसते, तर त्याहून मोठी आणि थेट आपल्याकडे येणारी वस्तू १९९८ मध्ये १८ दिवसांवर येईपर्यंत कुणालाच कशी दिसत नाही? पैसे कमी, त्यामुळे आकाशाचा फक्त तीन टक्के भाग बघता येतो, हे चित्रपटातलं उत्तर. एवढा मोठा गोल तेव्हा नुसत्या डोळ्यांनी दिसत असता, कुठल्याही गच्चीवरून. मग सुमारे २५० मीटर खोल छिद्र, त्यात एक अणुबॉम्ब, आणि एवढ्या मोठ्या गोलाचे दोन तुकडे पृथ्वीच्या दोन बाजूंनी निघून जातात!

लघुग्रह वळवणं म्हणजे काय, ते आता आपण प्रत्यक्ष पाहिलं आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या दगडावर मुद्दाम आदळवलं गेलं. त्याचा सोबतच्या मोठ्या दगडाभोवती फिरण्याचा वेळ साधारण १२ तासांचा होता, तो अर्ध्या तासाहून थोडा जास्त कमी झाला. या कामात महत्त्वाची गोष्ट एकच, लवकर कळणं. पुरेशी वर्षं हाताशी असली तर नुसता धक्का पुरतो.

एवढं असूनही पहिला नंबर नाही, कारण चित्रपट आपला स्वभाव बदलत नाही. पहिल्या मिनिटापासून तो धूमधडाका असल्याचं सांगतो आणि तसाच राहतो. बापलेकीचा शेवटचा प्रसंग बघून लोक खरंच रडतात आणि मला ते समजतं. पहिल्या पाचात मात्र तो नक्की.

तुम्ही ‘ग्रॅव्हिटी’ला सूट देता. का?

देतो, पण चुका लपवत नाही. यातले अंतराळवीर हबल दुर्बिणीपासून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे पाठीला लावलेल्या यंत्राच्या जोरावर जातात. हबल दुर्बीण साधारण ५०० किलोमीटरवर, तिची कक्षा विषुववृत्ताला २८.५ अंशांनी कललेली. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर आणि कक्षा ५१.६ अंशांनी कललेली. नुसता हा कल बदलायलाच सेकंदाला किमान ३ किलोमीटरचा वेगबदल लागतो. पाठीला लावायच्या यंत्राने ते होणं शक्य नाही. पण ही त्याची सुरुवातीची मागणी. दिली.

मला खरा बोचतो तो दोरीचा प्रसंग. सँड्रा बुलकचा पाय सोयूझ या रशियन यानाच्या पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकलेला, तिच्या हातात जॉर्ज क्लूनीचा पट्टा. दोरी ताणली जाते, दोघंही थांबतात. इथे थांबा आणि चित्र नीट बघा. दोघं थांबलेत. आता त्याला दूर खेचणारं काहीच उरलेलं नाही. तिने पट्ट्याला हलकासा हिसका दिला असता तरी तो तरंगत तिच्याकडे आला असता. तरीही तो कड्यावर लोंबकळत असल्यासारखा ताण देत राहतो आणि ‘मला सोड’ म्हणून स्वतःला सोडवून घेतो. वजनरहित अवस्था इतक्या निष्ठेने दाखवणाऱ्या चित्रपटाने सगळ्यात भावनिक क्षणी तीच विसरावी, हे मनाला लागतं. तरी एकूण चित्रपट बघणाऱ्याचा मान ठेवतो. स्फोट आवाजाविना होतात, अश्रू गालावरून ओघळण्याऐवजी तरंगतात. म्हणून सूट.

‘मूनफॉल’मध्ये एवढं काय आहे?

चंद्र कक्षा सोडून पृथ्वीकडे येऊ लागतो. कळतं की तो पोकळ आहे, कुणीतरी बांधलेला आहे आणि त्याच्या पोटात ऊर्जेसाठी एक श्वेतबटू तारा ठेवला आहे.

पोकळ चंद्र मी दिला असता. पण श्वेतबटू म्हणजे विझत चाललेल्या ताऱ्याचा गाभा, आकार पृथ्वीएवढा आणि वस्तुमान सूर्याच्या जवळपास. सूर्य पृथ्वीच्या सुमारे ३,३३,००० पट जड. असा तारा चंद्रात असता, तर चंद्राने आपल्याभोवती फिरण्याचा प्रश्नच नव्हता, आपणच त्याच्याभोवती फिरलो असतो. भरती-ओहोटीचं बळ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतं, म्हणजे अंतर निम्मं झालं की भरती आठपट. चंद्र थेट डोक्यावर येईपर्यंत एकही किनारा शिल्लक राहिला नसता आणि त्या आधीच चंद्राचेही तुकडे व्हायला लागले असते. चित्रपटात मात्र चंद्राचं गुरुत्व कथेच्या सोयीने चालतं. पाठलाग हवा असला की गाड्या उचलल्या जातात, संवाद हवा असला की सगळे जमिनीवर नीट उभे. कधी किती ओढ लागेल, याचा एकही नियम चित्रपट स्वतःसाठी आखत नाही. नियमच नसले की भीती कशाची वाटणार? इमारती कोसळत राहतात आणि आपण घड्याळ बघत राहतो. आर्मागेडन निदान थरारक तरी आहे.

‘प्रोमिथियस’ दिसायला इतका सुंदर आहे. त्याला वाईट कसं म्हणता?

संपूर्ण वाईट म्हणत नाही, पण राग मात्र त्याचाच सर्वात जास्त येतो, कारण दिग्दर्शक रिडली स्कॉट आहे. १९७९ चा ‘एलियन’ ज्याने केला, तोच. तिथली माणसं मालवाहू यानावरचे साधे कर्मचारी होती आणि डोकं ठिकाणावर ठेवून वागत होती. इथे निवडक शास्त्रज्ञ आहेत. परक्या ग्रहावरच्या बांधकामात शिरतात, हवा श्वास घेण्याजोगी आहे असं उपकरण दाखवतं आणि लगेच हेल्मेट काढतात. जंतू, विषाणू, बुरशी हे शब्द कुणाच्या तोंडी येत नाहीत. ज्या भूवैज्ञानिकाने नकाशा काढणारे उडते गोळे सोडले, तोच वाट चुकतो. आणि जीवशास्त्रज्ञ! फणा काढलेल्या, फुत्कार टाकणाऱ्या अनोळखी प्राण्यापुढे हात करून तो त्याला चुचकारतो. आपल्याकडे कुठल्याही गावात, पुस्तक न उघडलेला माणूससुद्धा अशा वेळी आधी दोन पावलं मागे सरतो. आपल्या पेशाचं एवढंही भान पात्रांना नसेल, तर त्यांच्या मरणाचं दुःख कुठून होणार?

‘सनशाइन’चा शेवट फसला, मग तो वाईट की चांगला?

चांगला, तुटलेला. डॅनी बॉइलचा २००७ चा चित्रपट. विझत चाललेल्या सूर्याकडे निघालेली माणसं, ऑक्सिजन किती जणांना पुरेल याचा थंड हिशेब, सूर्याकडे बघण्याची ती ओढ. पहिला तासाभराचा भाग अंतराळपटांतल्या उत्तम कामांपैकी आहे. मग यानात एक खुनी शिरतो आणि सगळं भलतीकडेच जातं. वाद घालताना असे चित्रपट वेगळे काढा.

संथ चित्रपट वाईट असतो का?

नाही. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) च्या सुरुवातीच्या खेळांना लोक उठून गेले होते. कंटाळा ही तक्रार जरूर करावी, पण तिला दोष म्हणू नये.

अंतराळात स्फोटाचा आवाज?

यावर वेळ घालवू नका. निर्वातात ध्वनी जात नाही, सगळ्यांना माहीत आहे. ती चित्रपटाची रीत आहे, पार्श्वसंगीतासारखी.

रॅझी पुरस्कार किंवा तिकीटबारीचे आकडे पुरावा म्हणून चालतील?

एकटे नाही. जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’ १९८२ साली पडला, समीक्षकांनी झोडला, एन्यो मोरिकोनेच्या संगीताला तर वाईट संगीताचं रॅझी नामांकन मिळालं. आज तोच चित्रपट या प्रकारातला मानबिंदू आहे. ‘ब्लेड रनर’ त्याच दिवशी प्रदर्शित झाला आणि तोही तेव्हा चालला नाही. उलट आर्मागेडनने त्या वर्षी जगभरात सगळ्यात जास्त कमाई केली. एडी मर्फीचा ‘प्लूटो नॅश’ (२००२) सुमारे १० कोटी डॉलर खर्चून झाला आणि कमाई ७० लाख डॉलरच्या आसपास. तो वाईट आहेच, पण पैसे बुडाले म्हणून नव्हे. चंद्रावर गोष्ट ठेवूनही चंद्राचं त्यात काहीच नाही, म्हणून.

भारतीय चित्रपट यादीत का नाहीत?

असायला हवेत, पण त्याच कसोटीवर. १९६७ च्या ‘चाँद पर चढाई’त दारा सिंग चंद्रावर जाऊन कुस्त्या खेळतो. माणूस खरोखर चंद्रावर उतरायच्या दोन वर्षं आधीचा, जेमतेम साधनांतला हा चित्रपट. त्याला मी प्लॅन नाइनच्या पंगतीला मानाने बसवतो. २०१२ चा ‘जोकर’ मात्र नाही. नकाशावर नसलेलं गाव लोकांचं लक्ष वेधायला परग्रहवासी आल्याचं नाटक करतं, ही कल्पना फार चांगली होती. सरकारी उपेक्षा, माध्यमांची धावपळ, सगळं त्यात आलं असतं. चित्रपटाने ती वाया घालवली.

‘मिशन मंगल’ (२०१९) सायफाय नाही, तरी दर वेळी निघतो. पुऱ्या तळताना गॅस बंद करून तेलाच्या उष्णतेवर काम भागवायचं, यातून इंधन वाचवण्याची युक्ती सुचते, हा प्रसंग लोकांना खटकतो. मला तो इतका खटकत नाही. पीएसएलव्ही रॉकेटची ताकद मर्यादित, म्हणून मंगळयानाचं इंजिन थोडं थोडं चालवून कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवली, हे खरंच आहे. पण खरं नाट्य त्याहून मोठं होतं. तेच मुख्य इंजिन प्रवासात सुमारे ३०० दिवस बंद होतं. ते पुन्हा पेटेल का, हे बघायला २२ सप्टेंबर २०१४ रोजी ते जेमतेम चार सेकंद चालवलं आणि २४ तारखेला यान मंगळाच्या कक्षेत गेलं. त्या चार सेकंदांवर पूर्ण चित्रपट उभा राहू शकतो.

आणि मराठी?

मराठी पडद्यावर अशी यादी करण्याइतके अंतराळपटच नाहीत आणि ही खंत आहे, कारण कथा आपल्याकडे केव्हाच्या आहेत. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. पृथ्वीवर येणाऱ्या धूमकेतूवरही त्यांची कथा आहे. तिथे धोका महिनोन्‌महिने आधी कळतो, शास्त्रज्ञ गुप्तपणे एकत्र बसून हिशेब करतात. आर्मागेडनच्या कितीतरी आधीची ती कथा! कुणीतरी ती मराठीत नीट पडद्यावर आणावी.

हिंदीत डब केलेला चित्रपट टीव्हीवर बघून मत दिलं तर चालेल?

कथेबद्दल चालेल. अभिनयाबद्दल आणि संवादांबद्दल नको, आणि दृश्यं कापलेली असतात हे लक्षात ठेवा. नियम मोडल्याचा आरोप करायचा असेल तर मूळ चित्रपट पूर्ण बघा. नियम सांगणारं वाक्य कापलेल्या भागातही असू शकतं.

वादाला बसण्याआधी तीनच बघायचे असतील तर कोणते?

‘प्लॅन नाइन’, मग ‘आर्मागेडन’, मग ‘मूनफॉल’, याच क्रमाने. प्रत्येकात एक जागा शोधा, जिथे चित्रपटाने स्वतःचा नियम मोडला, आणि ती मिनिटासकट लिहून ठेवा. प्लॅन नाइनमध्ये तुम्हाला अशा जागा भरपूर सापडतील आणि तरी राग येणार नाही. का येत नाही, यावर आपलं जमलं तर पुढचा वाद जास्त रंगेल. नाही जमलं तर ‘बॅटलफील्ड अर्थ’ आहेच.